घरच्या घरी प्रवाळ टाकीचा दगड: सिमेंट, मीठ आणि धीर

खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड नेमका कशासाठी ठेवतात, तिथून आज सुरुवात करू. शोभेसाठी, असं बहुतेकांना वाटतं. पण मासा जे खातो, त्याचा बराचसा भाग पाण्यात अमोनिया होऊन परत येतो, आणि अमोनिया हे विष आहे. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या आत खोलवर, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटमधला नायट्रोजन वायुरूपात सोडून देतात. ही सगळी वस्ती सच्छिद्र दगडात राहते. म्हणजे दगड हीच टाकीची गाळणी. भोकं नसलेला गुळगुळीत गोटा इथे फारसा कामाचा नाही.

मग कोणीतरी विचारतंच, ‘मालवणला समुद्रात असे दगड आहेत की, एखादा उचलून आणला तर?’ नाही आणायचा. प्रवाळभित्ती बांधणारी सगळी प्रवाळं २००१ साली वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. शिवाय मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी प्रवाळाचा खडक वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढाच वाढतो. आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीसाठी तो फोडायचा, हे हिशेबात बसत नाही. म्हणून दगड घडवायचा.

साहित्य साधं आहे. मापाने एक भाग साधं पोर्टलंड सिमेंट, चार भाग शिंपल्यांचा चुरा, दोन भाग जाडं खडे मीठ. कोंबडीखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. तो धुऊन घ्यायचा. पांढरं सिमेंट चालेल, पण भिंतीची पुट्टी नको, त्यात पॉलिमर असतात. वॉटरप्रूफिंगची पावडर किंवा रंग घालू नका. आधाराला लोखंडी सळी तर अजिबात नको, खाऱ्या पाण्यात ती गंजते आणि दगड आतून फुटतो.

आधी सिमेंट आणि चुरा कोरडाच मिसळा. मग पाणी घाला, पण बेताने. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलं तर विरघळून जातं आणि भोकं पडत नाहीत. घमेल्यात ओली वाळू भरून तिच्यात वेडेवाकडे खड्डे करा, त्यात मिश्रण सैलसर टाका. थापी मारून घट्ट करू नका. हातमोजे आणि मास्क हवेतच, ओल्या सिमेंटने कातडी भाजते.

वरून प्लास्टिक झाकून दोन दिवस हलवायचं नाही. मग अलगद काढून आठवडाभर ओलसर ठेवायचं. त्यानंतर दगड गोड्या पाण्याच्या टबात. पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी पाणी बदला, नंतर आठवड्यातून एकदा. मीठ विरघळून बाहेर पडतं आणि त्याच्या जागी पोकळी राहते.

आता खरा मुद्दा. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा विरीचा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. चुन्याच्या निवळीचा पीएच साधारण १२.४ असतो, प्रवाळ टाकीचा ८.१ ते ८.४. पीएचचा एक अंक म्हणजे १० पट फरक, चार अंक म्हणजे १०,००० पट. असा दगड टाकीत गेला की पीएच चढतो. पाण्यात जो अमोनिया एरवी बराचसा निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो, तो विषारी रूपात जातो. वर कॅल्शियम पांढऱ्या साक्यासारखं खाली बसतं आणि प्रवाळाला सांगाड्यासाठी ते उरत नाही. म्हणजे महिनोन्‌महिने जपलेली टाकी दोन दिवसांत जाऊ शकते.

व्हिनेगरमध्ये बुडवून लवकर होत नाही का? वरचा थर निवतो, पण आतला चुना पुढचे कित्येक दिवस झिरपत राहतो. सहा ते आठ आठवडे धरूनच चला.

दगड तयार झाला हे ओळखायचं कसं? दोन बादल्या घ्या, दोन्हीत सारखंच पाणी. एकीत दगड, दुसरीत नुसता शिंपल्यांचा चुरा. तीन दिवस हात लावू नका. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी दोन्हींत बुडवा. हळदीत चुना घातला की लाल होते, हे आपल्याला कुंकवामुळे माहीतच आहे. दगडाच्या बादलीतली पट्टी लालसर झाली तर पाणी बदला आणि थांबा. पिवळी राहिली तर टाकीच्या टेस्ट किटने पीएच मोजा. दोन्ही बादल्यांचा आकडा जुळला, तरच दगड पुढे न्यायचा. चुऱ्याचं पाणीही किंचित अल्कली असतं, म्हणून तुलना चुऱ्याशी करायची, नळाच्या पाण्याशी नाही.

यानंतर दगड खाऱ्या पाण्यात ठेवा, अजून मासे न सोडता. दुसऱ्या कोणाच्या निरोगी टाकीतला छोटा दगड शेजारी ठेवला की जिवाणूंचं विरजण लागतं. चिमूटभर माशांचं खाद्य टाकून अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा. दोन्ही आधी चढतील, मग शून्यावर येतील. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. खाद्य टाकूनही दोन्ही शून्यावरच राहिले, की पहिला मासा सोडायला हरकत नाही. एका वेळी एकच.