गाडी गरम होते म्हणजे नक्की काय होतं?

मे महिना, घाट, पाच माणसं, मागे सामान आणि एसी चालू. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीची तापमानाची सुई वर सरकायला याहून चांगला मुहूर्त नाही. माझ्या पीएच.डी.चा विषय आहे उकळणं. तापलेल्या धातूवर द्रव कसा उकळतो आणि किती उष्णता घेऊन जातो, हे मी मोजते. ‘यात कसली पीएच.डी.?’ असं वाटलं असेल तर पुढे वाचा, कारण तुमच्या बॉनेटखाली हाच प्रयोग रोज चालतो.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला कूलंटला वाहून न्यावा लागतो. हे काम पाणी १०० अंशांच्या पुढेही करू शकतं, कारण रेडिएटर म्हणजे एक कुकरच आहे. त्याचं झाकण आत साधारण ०.९ बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाला साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर किंवा स्प्रिंग गेली की ही सगळी सवलत संपते. म्हणून तपासणी या स्वस्तातल्या वस्तूपासून सुरू करा.

उकळण्याचे दोन चेहरे

१९३४ साली जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात तापती तार ठेवून दाखवलं, की लहान बुडबुड्यांचं उकळणं धातूला फार छान थंड करतं. पण उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की बुडबुडे एकमेकांना चिकटतात आणि धातूवर वाफेचा पडदा तयार होतो. कडक तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना, तेच हे. खाली वाफेची गादी असते, म्हणून थेंब लगेच संपत नाही आणि तवाही थंड होत नाही. इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ असं झालं, तर तिथला धातू तापतच जातो. हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि शेकड्यांतलं काम हजारोंवर जातं.

कधी तापते, ते आधी बघा

*सिग्नलला तापते, हायवेवर बरी असते:* पंख्यावर संशय घ्या. गाडी पळताना हवा आपोआप मिळते, उभी असताना पंखाच लागतो. जुन्या फियाट-अ‍ॅम्बॅसेडरमध्ये तो बेल्टवर फिरायचा, मारुती ८००मध्ये विजेवर. मेकॅनिकला पंखा थेट बॅटरीला जोडायला सांगा. फिरला तर मोटर ठीक, आता फ्यूज, रिले आणि स्विच बघा.

*घाटात किंवा वेगात तापते:* रेडिएटर चोंदलाय, किंवा वॉटर पंप पाणी ढकलत नाहीये. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरलं असेल तर आत क्षार बसलेले असणार. कॅल्शियम कार्बोनेट अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने शंभरेक पट कमी उष्णता वाहतं. म्हणजे एक मिलिमीटर थर हा जणू दहा सेंटिमीटर जाडीची धातूची भिंत!

*सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, पण रेडिएटर बऱ्यापैकी गार:* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. काढून एका जुन्या पातेल्यात पाण्याबरोबर तापवा. पाणी उकळायच्या आत तो उघडायलाच हवा.

*कूलंट कमी होतो, गळती मात्र दिसत नाही:* ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, चालू इंजिनात टाकीत बुडबुडे. ही लक्षणं हेड गॅस्केटकडे बोट दाखवतात. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि सुई चक्क खाली येऊ शकते. वर गेलेली सुई अचानक पडली, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका, थांबा.

‘थर्मोस्टॅट काढून टाकू या’

हा सल्ला बऱ्याच गॅरेजमध्ये मिळतो. सुई खाली येते, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन आता योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, मायलेज घटतं, झीज वाढते. शिवाय चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकण्यातला प्रकार आहे हा. रेडिएटर साफ करा किंवा बदला, गरज असेल तर नवा थर्मोस्टॅट बसवा आणि शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट भरा. भरताना आत अडकलेली हवाही काढा, कारण पाण्याच्या तुलनेत हवा उष्णता वाहून न्यायला अगदीच कुचकामी.

आणि रस्त्यात सुई चढलीच तर?

एसी बंद, हीटर फुल. उन्हाळ्यात हे ऐकायला क्रूर वाटेल, पण हीटर म्हणजे छोटा जादा रेडिएटरच. मग बाजूला थांबून इंजिन बंद करा.

झाकणाला मात्र हात लावू नका. आत ११५ अंशांचं पाणी असेल तर दाब सुटताच त्याचा जेमतेम तीन टक्के भाग वाफ होतो. तीन टक्के म्हणजे किरकोळ? एक लिटर पाण्यातून चाळीस लिटरहून जास्त वाफ, आणि तीही थेट तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने, उकळतं पाणी सोबत घेऊन! तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. झाकण हाताला गार लागलं की जाड फडकं ठेवून हळूहळू उघडा. घरी पोचायला उशीर झाला तर झाला. कुकरचं झाकण वाफ जिरायच्या आधी आपण घरात तरी कुठे उघडतो?