द्रव्याचा शोध आणि निर्मितीची श्रद्धा

पास्काच्या जागरणविधीत पहिले वाचन उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीच्या निर्मितीचे असते. काही वर्षांपूर्वी निपाणी भागातील एका लहान धर्मग्रामात त्या वाचनावर प्रवचन करताना मी मोठ्या उत्साहाने सांगितले की, विश्वाचा आरंभ एका महास्फोटाने झाला हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे. म्हणजेच पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानाला शास्त्रज्ञांनी साक्ष दिली आहे. भाविक प्रसन्न झाले. विधी आटोपल्यावर मात्र कोल्हापूरला बी.एस्‌सी. करणारा एक तरुण जवळ आला आणि आदबीने म्हणाला, “फादर, हा सिद्धांत न मानणारे एक मोठे शास्त्रज्ञ तर कोल्हापुरातच जन्मलेले. त्यांचे म्हणणे उद्या खरे ठरले, तर उत्पत्तीचे पुस्तक खोटे ठरेल का?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येईपर्यंत कळून चुकले होते की, चूक त्याच्या प्रश्नात नव्हती, माझ्या प्रवचनात होती.

त्याने ज्यांचा उल्लेख केला ते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938 चा. निधन पुण्यात 20 मे 2025 रोजी झाले. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि 1964 साली दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 मध्ये पुरस्कारलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते खरे, परंतु पडणारी पोकळी भरून काढण्यास नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते. पुढे 1965 साली सर्व आकाशातून येणारे मंद सूक्ष्मतरंगी प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. ते उष्ण व घन आरंभाचा अवशेष मानले गेले आणि बहुसंख्य संशोधक महास्फोटाच्या बाजूस गेले. नारळीकर गेले नाहीत. 1993 मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी आपल्या मताची सुधारलेली मांडणी केली. ती बहुतेकांनी स्वीकारली नाही, तरी ते शेवटपर्यंत रूढ सिद्धांताला प्रश्न विचारीत राहिले. याच गृहस्थांनी 1988 साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आश्रयाने पुण्यात ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय केंद्र उभे केले. तेथे महास्फोट मानणारे विद्वान त्यांच्या शेजारच्या खोल्यांतून काम करीत असत, आणि लहान गावांतील महाविद्यालयांच्या अध्यापकांनाही अभ्यागत सहयोगी म्हणून तेथील ग्रंथालय, संगणक व चर्चा यांचा लाभ मिळे. ही सोय आजही आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. अतिसूक्ष्म मूलकण आणि अफाट विश्व यांचा अभ्यास एकाच छपराखाली का व्हावा, हे आपणांपैकी अनेकांना कोडेच वाटेल. याचे कारण असे की, प्रसरण पावणारे विश्व भूतकाळात अधिकाधिक दाट व तप्त होते. रूढ सिद्धांतानुसार सुमारे 1,380 कोटी वर्षांपूर्वी ते इतके तप्त होते की, त्यात अणूही टिकू शकत नव्हते; होता तो केवळ कणांचा कल्लोळ. म्हणून विश्वाचे बालपण जाणावयाचे तर कणांचे नियम जाणले पाहिजेत. याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. पहिल्या काही मिनिटांत प्रोटॉन व न्यूट्रॉन एकत्र येऊन हेलियम वायूची अणुकेंद्रे बनली. किती बनली, हे त्या वेळी विश्व किती वेगाने प्रसरत होते यावर अवलंबून होते. आणि तो वेग न्यूट्रिनो नावाच्या जवळजवळ वजनरहित कणाचे किती प्रकार आहेत यावर. प्रकार जितके अधिक, तितका वेग अधिक. वेग अधिक, तर न्यूट्रॉनांचा क्षय होण्यास अवधी कमी आणि म्हणून हेलियम अधिक. आकाशातील अत्यंत जुन्या वायूत हेलियमचे प्रमाण वजनाने सुमारे चतुर्थांश आढळते. त्यावरून खगोलशास्त्रज्ञांनी 1970 नंतरच्या दशकात असे अनुमान काढले की, न्यूट्रिनोंचे प्रकार अगदी मोजकेच असले पाहिजेत. पुढे 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणांच्या टकरी घडवून प्रत्यक्ष मोजदाद झाली. उत्तर आले तीन. दुर्बिणीतून पाहणारे आणि भूमिगत बोगद्यात कण आदळविणारे, दोघांचा हिशेब जुळला.

भूमीखालच्या संशोधनाची अशीच एक कथा आपल्याच राज्यात, बेळगावपासून अगदी दुसऱ्या टोकाला, कोलारच्या सोन्याच्या खाणीत घडली. अवकाशातून सतत कणांचा वर्षाव होत असतो; त्यात न्यूट्रिनोची दुर्बल खूण ओळखू येत नाही. म्हणून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम ही विद्यापीठे यांनी मिळून सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर यंत्रे मांडली. एवढा खडक डोक्यावर असता इतर कण गाळले जातात. न्यूट्रिनो तेवढे पार होतात. 1965 साली तेथे वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीतही ती झाली. भौतिकी जाणणारे प्राध्यापक, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ आणि पाळण्यातून खाली उतरणारे खाणकामगार यांपैकी कोणालाही वगळून हे काम झाले नसते.

त्याच खाणीत 1980 पासून दुसरा प्रयोग सुरू झाला, आणि तो तर ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याला विचारात पाडणारा आहे. आपण, आपली वेदी, वेदीवरील भाकर, सारे ज्या प्रोटॉनांचे बनले आहे ते अविनाशी आहेत काय? काही सिद्धांतांप्रमाणे प्रोटॉनचाही कधीतरी क्षय व्हावा. मात्र त्याचे सरासरी आयुष्य वर्षांत मांडू गेल्यास एकावर तीस-एकतीस शून्ये द्यावी लागतील. इतकी वर्षे थांबणार कोण? त्यावर शास्त्रज्ञांची युक्ती साधी आहे. एका प्रोटॉनाकडे चिरकाल पाहण्यापेक्षा अगणित प्रोटॉनांकडे थोडी वर्षे पाहावे. कोलारच्या सुमारे 140 टन लोखंडी यंत्रात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून आठावर एकतीस शून्ये, एवढे कण होते. सिद्धांत खरा असेल तर वर्षाकाठी काही कणांचा क्षय दिसावयास हवा. काही नोंदी संशयास्पद वाटल्या, परंतु इतरत्रच्या मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. जपानमधील प्रयोगांनी आज ही मर्यादा एकावर चौतीस शून्यांच्याही पुढे नेली आहे. क्षय अद्याप कोणीच पाहिलेला नाही. कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली.

इतके सारे कळूनही विश्वातील ज्या द्रव्याची आपणांस ओळख पटली आहे ते एकूण ऐवजाच्या सुमारे पाच टक्केच आहे. सत्तावीस टक्के कृष्णद्रव्य आणि उरलेली कृष्ण ऊर्जा. नावे मिळाली, स्वरूप उमगलेले नाही.

तर मग प्रवचनकाराने काय करावे? मी केलेली चूक माझ्याहून फार थोरांच्या हातूनही झाली आहे. महास्फोटाच्या कल्पनेचा जनक बेल्जियमचा एक धर्मगुरू होता, हे आपणांस ठाऊक असेलच. फादर जॉर्ज लमेत्र यांना 1923 मध्ये गुरुदीक्षा मिळाली; 1927 मध्ये त्यांनी विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडले आणि 1931 मध्ये ‘आदिअणू’ची कल्पना पुढे केली. नोव्हेंबर 1951 मध्ये परमगुरू पायस बारावे यांनी विज्ञान अकादमीपुढील भाषणात या संशोधनात निर्मितीच्या आद्य क्षणाची जणू साक्ष मिळत असल्याचे सुचविले. आपल्या सिद्धांताचा असा गौरव झाल्याने लमेत्र सुखावले असतील असे कोणासही वाटेल. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्म व तत्त्वज्ञान यांच्या प्रश्नांपासून अलिप्त आहे, आस्तिक व नास्तिक दोघेही तो सारख्याच मोकळेपणाने तपासू शकतात, अशी त्यांची भूमिका होती. व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांकरवी त्यांनी आपली चिंता वर पोहोचविली, आणि 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना परमगुरूंनी तो दावा पुन्हा केला नाही.

लमेत्र यांच्या या संकोचाला फार जुना आधार आहे. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच म्हटले होते की, जगाला आरंभ होता हे आपण श्रद्धेने मानतो, बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही. आणि जो कच्च्या युक्तिवादाने ते सिद्ध करू जाईल तो अविश्वासूंना हसण्याची संधी देईल. त्यांच्या मते निर्मिती ही प्रथमतः काळातील एखादी घटना नव्हे, तर सर्व अस्तित्वाचे परमेश्वरावर असलेले अखंड अवलंबन होय. दिव्याचा प्रकाश दिव्यावर अवलंबून असतो; दिवा कधी लावला हा प्रश्न वेगळा. या दृष्टीने पाहता नारळीकरांचे आरंभरहित विश्व खरे ठरले असते, तरी तेही परमेश्वराचेच विश्व असते. आरंभाची शिकवण आपण प्रकटीकरणावरून घेतो. दुर्बिणीकडे तिची तारणचिठ्ठी मागण्याचे कारण नाही.

त्या तरुणाला मी पुढे पत्राने हे उत्तर कळविले. आता पास्काच्या प्रवचनात मी महास्फोटाचे नाव क्वचितच घेतो, आणि घेतलेच तर साक्षीदार म्हणून नव्हे. धर्मशिक्षण वर्गात मात्र एक प्रथा सुरू केली आहे, तीही नारळीकरांकडूनच उचललेली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सही देत नसत. प्रश्न लिहून पोस्टकार्ड पाठव, उत्तर पाठवीन, असे सांगत. आमच्या मुलांकडून मी अशीच कार्डे घेतो. गेल्या महिन्यात विड्या वळणाऱ्या एका आईच्या मुलीने विचारले आहे : प्रोटॉन कधीच मोडणार नसेल, तर मग आपण का मरतो? त्या कार्डाचे उत्तर मी तीनदा लिहून फाडले आहे. कोणा धर्मबंधूंना किंवा धर्मशिक्षकांना ते लिहिता आले, तर मला अवश्य कळवावे.