ऑइल सील, मोटारसायकलीचे
मोटारसायकलीच्या पुढील फोर्कमध्ये एकीत एक सरकणाऱ्या नळ्यांच्या सांध्यातून तेल बाहेर येऊ न देणारे रबरी कडे. तेलाने धक्के शमविणारा असा फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये ‘आर-१२’ या गाडीस बसविला. शिवडीसारख्या खाडीकाठच्या भागात खाऱ्या, दमट हवेने नळीच्या क्रोम मुलाम्याखालील पोलाद गंजते. खळग्यांच्या कडांनी सीलची धार फाटते. गळलेले तेल ब्रेकला लागल्यास त्याची पकड जाते. सील बदलताना चाक व फोर्क उतरवून तेल काढतात; वरची तारेची कडी व तळाचा बोल्ट सोडवून नळ्या वेगळ्या करतात. किरकोळ खळगे बारीक पॉलिश पेपरने घासून नवे सील तेल लावून सरळ ठोकतात. दोन्ही बाजूंची सीले एकदम बदलून ठरावीक मापाचे नवे तेल भरतात. खळगे खोल असल्यास नळीच बदलावी लागते. अन्यथा नवे सीलही लवकर गळते.