इतबाराचा ऐवज

बँकेत ठेवी येतात त्या व्याजाच्या लोभाने, अशी शहरी समजूत आहे. नांदेड-लातूरकडच्या शाखा पाहिल्यावर मला ती अपुरी वाटते. बचत खात्याचा दर 25 ऑक्टोबर 2011 पर्यंत रिझर्व्ह बँकच ठरवून देत असे आणि व्यापारी बँकांना तो सारखाच असे. मग एकाच पेठेतल्या दोन शाखांपैकी एकीपुढे खातेदारांची रीघ लागावी आणि दुसरी ओस पडावी, याचे कारण दरात नव्हे, अन्यत्रच शोधावे लागते.

पहिले कारण सरकारी इतबाराचे. 1941 साली स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे उस्मानिया सिक्क्याचा आणि सरकारी कर्जाचा कारभार होता, आणि जिच्या हाती खुद्द रियासतीची रोकड, तिच्याकडे आपली अमानत सुरक्षित, हा हिशेब मराठवाड्यातल्या पेढीवाल्यालाही उमगण्याजोगा होता. पुढे 1956 साली ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 2017 साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

वाडी-तांड्यापर्यंत मात्र सरकारच्या नावाने भागत नाही. तेथे जवळीक लागते. 1976 साली नांदेडला मुख्यालय ठेवून, बँक ऑफ महाराष्ट्रच्या पुरस्काराने उभी राहिलेली मराठवाडा ग्रामीण बँक यासाठीच होती. लातूरच्या आडतीवर सोयाबीन-तुरीची पट्टी हाती पडली की सुगीत ठेवी फुगतात, आणि मृगाच्या पेरणीला बी-खतापायी ओसरतात. हा ओघ ज्या शाखेला कळतो, तीच खातेदाराला उन्हाळ्यात हिडीसफिडीस करीत नाही. पतसंस्था दर चढा देतात खऱ्या, परंतु बँकेतल्या ठेवीला 1962 पासून जे विम्याचे छत्र आहे, आज पाच लाखांपर्यंतचे, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. हे खातेदाराला आपल्या बोलीत समजावून सांगणारा कारकून मला जाहिरातीच्या फलकाहून मोलाचा वाटतो.

अशा शाखेत पदराच्या गाठीतून नोटा सोडणारी म्हातारी पुष्कळदा दिसते. कारकून तिच्यासमोर त्या दोनदा मोजतो, पासबुकात आकडा लिहितो आणि मोठ्याने वाचून दाखवितो. ती अंगठा उठविते. पुढच्या बाजारी ती पुन्हा येते, सगळी रक्कम मागते, मोजून घेते, बाकड्यावर घटकाभर बसते आणि उठून तीच रक्कम पुन्हा खिडकीतून आत सरकवते.