लाखेच्या तबकड्यांमधला देश

हातात जड लागणारी, पडली की खळ्ळकन फुटणारी काळी तबकडी. व्यास दहा इंच, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. तिच्यात दगडाची बारीक भुकटी असायची आणि ती धरून ठेवायला लाख. ही लाख मुख्यतः भारतातून जायची. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर किडे जी राळ सोडतात, ती. पाकिटावर मोहोर उठवायला आणि बांगड्या घडवायला लागणारी ही लाख मिसिसिपीतल्या शेतमजुराचा आवाज साठवायलाही लागत होती.

जपानशी युद्ध पेटलं आणि आशियातून येणाऱ्या मालाची शाश्वती उरली नाही. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला. जुन्या तबकड्या गोळा करायच्या, दळायच्या आणि त्याच मालातून नव्या काढायच्या, अशा मोहिमा निघाल्या. जुनं संगीत अक्षरशः गिरणीत जात होतं. याच काळात वॉशिंग्टन राज्यात हॅरी स्मिथ नावाचा, विशीही न गाठलेला मुलगा मिळतील तिथून जुन्या तबकड्या जमवत होता.

स्मिथचा जन्म १९२३ चा, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचा. शाळकरी वयातच तो लमी या मूलनिवासी जमातीचे विधी ध्वनिमुद्रित करत असे. पुढे तो चित्रकार झाला, प्रयोगशील चित्रपट करू लागला, पण जमवण्याची खोड काही सुटली नाही. सेमिनोल लोकांची गोधडीकामाची कापडं, युक्रेनी रंगवलेली अंडी, इतकंच काय, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सापडलेली कागदी विमानंसुद्धा त्याने सांभाळून ठेवली. पैसा मात्र टिकत नसे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला आल्यावर त्याने तबकड्यांचा साठा विकायला काढला आणि मोझेस ॲश यांचं दार ठोठावलं.

ॲश यांनी १९४८ मध्ये मेरियन डिस्टलर यांच्या साथीने ‘फोकवेज’ ही छोटी कंपनी काढली होती. साठा घेण्यापेक्षा त्यातून निवडक गाण्यांचा संच करून दे, असं त्यांनी स्मिथला सुचवलं. सोय नुकतीच झाली होती. १९४८ मध्येच कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली होती, आणि तिच्या एका बाजूवर सात-आठ गाणी सहज मावत. १९५२ मध्ये ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ बाहेर पडली. तीन खंड, सहा रेकॉर्ड, ८४ गाणी.

‘फोक’ म्हटलं की गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांना बोलतं करून केलेलं संकलन डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काहीच नव्हतं. सगळी गाणी विकण्यासाठी काढलेल्या, दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डवरची. साधारण १९२७ ते १९३२ हाच काळ स्मिथने का निवडला, याचं कारण त्याने स्वतःच दिलं आहे. विजेवरच्या नव्या ध्वनिमुद्रणामुळे आवाज नीट उमटू लागला तेव्हा हा काळ सुरू होतो आणि महामंदीने विक्री बसली तिथे संपतो. अमेरिकेत १९२७ मध्ये सुमारे दहा कोटी रेकॉर्ड खपल्या होत्या. १९३२ मध्ये हा आकडा साठ लाखांच्या आसपास आला.

या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्याही गमतीदार. ब्लूजच्या इतिहासात मानाने घेतलं जाणारं ‘पॅरामाउंट’ हे लेबल विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याचं अपत्य. फोनोग्राफची लाकडी कपाटं करता करता तो रेकॉर्डच्या धंद्यात शिरला. चार्ली पॅटन हा मिसिसिपीचा दमदार गायक. पॅरामाउंटने त्याची एक रेकॉर्ड ‘मास्क्ड मार्व्हल’ या टोपणनावाने काढली आणि हा गायक कोण ते ओळखा, अशी ग्राहकांसाठी स्पर्धा लावली. स्मिथच्या संचात पॅटन त्या बुरख्यासकटच आला आहे.

बाजारात या रेकॉर्डची वाटणी कातडीच्या रंगावरून होई. काळ्या गायकांच्या त्या ‘रेस रेकॉर्ड’, डोंगराळ दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या त्या ‘हिलबिली’. दोन्हींच्या याद्या वेगळ्या, जाहिराती वेगळ्या. स्मिथने ही भिंत पाडली, तीही एक अक्षर न लिहिता: सोबतच्या पुस्तिकेत गायक काळा की गोरा हे त्याने कुठेच सांगितलं नाही. गोरी कार्टर फॅमिली, काळा मिसिसिपी जॉन हर्ट, कोणी व्हर्जिनियाचा बँजोवाला, सगळे एकाच संचात सरमिसळ येतात. हर्ट हा गोरा हिलबिली नव्हे, हे लोकांना कळायला वर्षं गेली, असं स्मिथ पुढे मजेने सांगत असे.

खंडांची नावं साधी आहेत: बॅलड, सामाजिक संगीत, गाणी. खरी करामत आहे ती क्रमात. बॅलड म्हणजे कथागीत. आपल्या पोवाड्यासारखं, पण बहुधा एकट्याने, निर्विकार सुरात सांगितलेलं. पहिला खंड समुद्रापलीकडून आलेल्या जुन्या ब्रिटिश कथागीतांनी उघडतो. मग हळूहळू अमेरिकेची माती लागते. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचा मारेकरी येतो, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावरच्या गोळीबाराची बातमी येते, टायटॅनिक बुडतं, कोलमडलेल्या आगगाड्या येतात, आणि शेवटी कपाशीवरची कीड आणि कावलेला शेतकरी उरतो. इतिहासाचं एकही वाक्य न लिहिता देशाचा इतिहास २७ गाण्यांत उलगडतो.

पुस्तिकेत प्रत्येक कथागीताचा सारांश स्मिथने वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा दिला आहे. एका गाण्यात बेडूक आणि उंदरी यांचं लग्न लागतं. आंतरप्राणी विवाह पार पडला, नातलगांची संमती आहे, अशा थाटात त्याने ते छापलं. मुखपृष्ठावर रॉबर्ट फ्लड या जुन्या इंग्रज गूढवाद्याच्या ग्रंथातलं चित्र होतं: पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत ताणलेली एकच तार आणि ती सुरात लावणारा वरून आलेला हात. साठच्या दशकात फोकवेजने ते काढून बेन शान यांनी टिपलेला मंदीकाळातला शेतकरी लावला. त्या काळच्या निषेधगीतांच्या वातावरणात तो चेहरा जास्त शोभत होता.

ऐकणाऱ्या तरुणांना ही गाणी कुठल्या तरी मावळलेल्या जगातली वाटत होती. प्रत्यक्षात ती मुद्रित होऊन जेमतेम वीस-पंचवीस वर्षं उलटली होती आणि गाणारे बरेच जण हयात होते. संचातले गायक डॉक बॉग्ज यांनी १९२७ मध्ये रेकॉर्ड काढल्या आणि नंतर कोळशाच्या खाणीत आयुष्य घालवलं. १९६३ मध्ये लोकगायक माइक सीगर यांनी त्यांना व्हर्जिनियात गाठलं. त्याच वर्षी ब्लूजप्रेमी टॉम हॉस्किन्स यांनी हर्टला शोधलं. हर्टच्या १९२८ च्या दुसऱ्या एका गाण्यात त्याच्या गावाचं, ॲव्हलॉनचं, नाव होतं. तेवढ्या धाग्यावर ते मिसिसिपीत पोहोचले. काही महिन्यांतच सत्तरीचा हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गात होता. बॉब डिलनची १९६२ ची पहिली रेकॉर्ड संपते ती ब्लाइंड लेमन जेफरसनच्या गाण्याने, आणि ते गाणं स्मिथच्या संचातही आहे.

या सगळ्याला एक अवघड बाजू आहे. ८४ गाण्यांचे हक्क होते मोठ्या कंपन्यांकडे, आणि त्यांची रीतसर परवानगी फोकवेजने घेतली नव्हती. कंपन्यांनी अडगळीत टाकलेलं संगीत ऐकण्याचा लोकांना हक्क आहे, अशी ॲश यांची भूमिका होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, फोकवेज स्मिथसोनियन संस्थेकडे गेली. एकही रेकॉर्ड अनुपलब्ध होऊ द्यायची नाही, या अटीवर. १९९७ मध्ये परवाने मिळवून हा संच सहा सीडींवर निघाला आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले. स्मिथ ते पाहायला नव्हता. १९९१ मध्ये त्याला एक विशेष ग्रॅमी सन्मान मिळाला होता; संगीताने अमेरिका बदललेली आपण पाहिली, असं तेव्हा तो म्हणाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात तो वारला.

गोष्ट तिथेही थांबली नाही. २०२० मध्ये ‘डस्ट-टू-डिजिटल’ या कंपनीने त्याच तबकड्या उलटवल्या आणि स्मिथने न घेतलेल्या मागच्या बाजूंचा संच काढला, क्रम त्याचाच ठेवून. त्यातल्या तीन गाण्यांत वर्णद्वेषी शब्द होते. संच छापून तयार होत आला असताना ती तीन वगळायचं ठरलं. १९५२ मध्ये स्मिथने याच तीन तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूची गाणी घेतली होती, आणि ती आजही संचात आपापल्या जागी वाजतात.