शेतकऱ्याने पेट्या भरल्या आहेत : एका चुकीचा शोध

मे महिन्याच्या सुटीत आठवीतली भाची आमच्याकडे नाशिकला आली होती. तिची इंग्रजीची वही सहज चाळत असताना एका पानावर तांबड्या शाईच्या खुणाच खुणा दिसल्या. मराठी वाक्यांचे भाषांतर करायचे होते. ‘शेतकऱ्याने पेट्या भरल्या आहेत’ या वाक्यापुढे तिने लिहिले होते, ‘द फार्मर हॅव फिल्ड द बॉक्सेस’. ‘हॅव’ खोडून तेथे ‘हॅज’ केले होते आणि समासात शेरा होता : ‘निष्काळजीपणा’. मी तिला विचारले, “अगं, शेतकरी एक की अनेक?” ती म्हणाली, “एकच. पण मामा, पेट्या खूप आहेत ना!”

हे उत्तर ऐकून मी थबकलो. मुलीने वाक्य नीट वाचले होते, वचनाचा विचारही केला होता. फक्त तिने वचन पाहिले ते पेट्यांचे, शेतकऱ्याचे नव्हे. असे का व्हावे?

उत्तर मराठी वाक्यातच आहे. पुढील चार वाक्ये फळ्यावर लिहून पाहा :

१. शेतकऱ्याने पेटी भरली आहे.
२. शेतकऱ्याने पेट्या भरल्या आहेत.
३. शेतकऱ्यांनी पेटी भरली आहे.
४. शेतकऱ्यांनी पेट्या भरल्या आहेत.

‘आहे’चे ‘आहेत’ कधी होते? शेतकरी वाढले म्हणून नाही, पेट्या वाढल्या म्हणून. तिसऱ्या वाक्यात शेतकरी अनेक असूनही क्रियापद एकवचनीच राहते. मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात प्रयोगांची सविस्तर चर्चा आहे. इंग्रजीत मात्र पहिल्या दोन वाक्यांत ‘हॅज’ आणि शेवटच्या दोन वाक्यांत ‘हॅव’ येते. तेथे पेट्यांची संख्या मोजलीच जात नाही. म्हणजे पहिल्या व चौथ्या वाक्यात दोन्ही भाषांचे एकमत होते, तर दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यात त्या परस्परविरुद्ध दिशेने जातात. भाचीची चूक नेमकी दुसऱ्या वाक्यातली होती.

दोन भाषांत हा फरक कोठून आला? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. संस्कृतात हेच वाक्य ‘कृषकेण पेटिकाः पूरिताः’ असे होईल. कृषकाला तृतीया विभक्ती, आणि ‘पूरिताः’ हे धातुसाधित विशेषण पेट्यांचे. विशेषण असल्यामुळे ते विशेष्याचे लिंग आणि वचन घेणारच. मराठीचा भूतकाळ या रचनेतून घडला. म्हणून आपण ‘आंबा खाल्ला’, ‘पोळी खाल्ली’, ‘आंबे खाल्ले’ असे म्हणतो आणि खाणारा कोण याची क्रियापद फिकीर करीत नाही. हिंदी, गुजराती, पंजाबी या भाषांतही हा प्रकार आहे. बंगालीत तो राहिलेला नाही.

आता इंग्रजीकडे पाहू. ‘हॅव’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जवळ असणे’. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या वाक्याचा भाव ‘शेतकऱ्यापाशी भरलेल्या पेट्या आहेत’ असा काहीसा होता. ‘भरलेल्या’ हे तेथेही पेट्यांचेच विशेषण होते आणि कधी कधी त्याला कर्मानुसार प्रत्ययही लागत. पुढे इंग्रजीतले बहुतेक प्रत्यय झिजून गेले, शब्दांचा क्रम पक्का झाला, आणि ‘हॅव’ हे केवळ सहायक क्रियापद उरले. फ्रेंच आणि इटालियन भाषांत या जुन्या नात्याची खूण अजून दिसते. तेथे कर्म आधी आले, तर काही रचनांत विशेषणाला कर्माचे लिंग व वचन घ्यावे लागते.

म्हणजे दोन्ही भाषांनी सुरुवात ‘भरलेल्या पेट्या’ या एकाच कल्पनेपासून केली. फरक पडला तो सहायक क्रियापदामुळे. मराठीने ‘असणे’ निवडले. काय आहे? पेट्या आहेत. म्हणून पेट्यांचे वचन. इंग्रजीने ‘जवळ असणे’ निवडले. कोणापाशी? शेतकऱ्यापाशी. म्हणून शेतकऱ्याचे वचन. दोन्ही नियम आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत.

परंतु मुलांची प्रत्येक चूक मराठीमुळेच होते, असे गृहीत धरणे शास्त्रीय ठरणार नाही. आणखी दोन कारणे संभवतात. इंग्रजी नामाला ‘स’ लावला की अनेकवचन होते, म्हणून काही मुलांना ‘हॅज’ हेच अनेकवचन वाटू शकते. काही मुले विचार न करता सगळीकडे ‘हॅव’ लिहीत असतील. मग खरे कारण कसे ओळखावे? वरची चार वाक्ये हाच आपला प्रयोग. मराठीचा नियम लावणाऱ्या मुलाची दुसरी आणि तिसरी वाक्ये चुकतील. ‘स’मुळे फसलेल्याची चारही चुकतील. सगळीकडे ‘हॅव’ लिहिणाऱ्याची पहिली दोन चुकतील. एकूण गुण पाहून हा भेद कळत नाही, कारण पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या मुलांना चारपैकी दोनच गुण मिळतील. कोणती वाक्ये चुकली, हे पाहिले पाहिजे. आणि केवळ पहिले व चौथे वाक्य विचारले, तर मराठीचा नियम लावणारे मूल पैकीच्या पैकी गुण मिळवील आणि गैरसमज तसाच राहील!

प्रयोगाला पडताळाही हवा. त्यासाठी ‘मुलगी चार धडे शिकली आहे’ हे वाक्य द्यावे. शिकणे, विसरणे, पिणे अशी काही क्रियापदे सकर्मक असूनही मराठीत कर्त्याप्रमाणे चालतात. येथे धडे चार असले तरी क्रियापद मुलीचे, म्हणून ‘आहे’. मराठीचा नियम लावणारे मूल येथे बरोबर ‘हॅज’ लिहील. तेथेही ‘हॅव’ आले, तर आपला तर्क पुन्हा तपासावा लागेल. भाचीला ही पाचही वाक्ये दिली, तेव्हा तिची दुसरी आणि तिसरी तेवढी चुकली. एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही, परंतु निष्काळजीपणा इतका नेमका नसतो, एवढे खरे.

आणखी एक सापळा लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो आदरार्थी अनेकवचनाचा. ‘सर आले आहेत’ या वाक्यात सर एकच असतात, पण मराठी त्यांना मानाने अनेक करते. इंग्रजीत हा मान क्रियापदातून दिला जात नाही. तेथे ‘द टीचर हॅज कम’ असेच म्हणावे लागते.

मग वर्गात सांगावे काय? उपाय मराठीतच आहे. ज्या नामाला ‘ने’ किंवा ‘नी’ लागले आहे, त्याकडे बोट करायला सांगावे. ‘शेतकऱ्याने’ असेल तर ‘हॅज’, ‘शेतकऱ्यांनी’ असेल तर ‘हॅव’. त्या वेळी कर्मावर दुसरा हात ठेवून ते झाकावे. ‘सरांनी’सारख्या आदरार्थी रूपात माणसे किती ते मोजून घ्यावे. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही, पण इंग्रजीत ‘आय’ आणि ‘यू’ यांच्यापुढे नेहमी ‘हॅव’च येते, तेव्हा तेथे अडचण नाही.

भाचीला हे सारे सांगितल्यावर तिने वही पुढे ओढली आणि विचारले, “म्हणजे मी मराठीत बरोबर होते ना?” होय, ती मराठीत अगदी बरोबर होती. कोणी न शिकवता आत्मसात केलेला एक अवघड नियम ती काटेकोरपणे पाळत होती. तिला फक्त दुसरा नियम कोठे सुरू होतो, हे दाखवायला हवे होते. शिक्षक मित्रहो, पुढच्या वेळी तांबडी शाई उचलण्यापूर्वी ही पाच वाक्ये वर्गात देऊन पाहा. कोणाची कोणती वाक्ये चुकली, याचा तक्ता मुलांकडूनच करून घ्या. व्याकरणाच्या तासाला विज्ञानाचा एक छोटा प्रयोगही होऊन जाईल.