गाडी बंद म्हणजे ड्रायव्हर मोकळा का?

दिवाळीला घरी, भंडारदऱ्याला गेले होते. शेंडीत आमच्या शेजारी एक काका आहेत, वीसेक वर्षं ट्रक चालवतात. संगमनेरहून कांदा भरला की कधीकधी ते कोलाडला जातात, तिथं अख्खा ट्रक मालगाडीवर चढवतात आणि गोव्यात नाहीतर मंगळूरजवळ सुरतकलला उतरवतात. माझा पीएचडीचा विषय ड्रायव्हरांचा थकवा. आयता माणूस मिळाला म्हणून प्रश्नावलीचा कच्चा मसुदा काढला आणि विचारलं, "काका, मागच्या खेपेला मालगाडीवर किती तास विश्रांती मिळाली?"

"बारा तास. गाडी बंदच होती की."

"आणि झोपलात किती?"

"झोप कुठली गं? डुलक्या."

माझ्या मसुद्यात 'झोपलात किती' हा प्रश्नच नव्हता, तो ओघात निघाला. नसता निघाला तर मी 12 हा आकडा लिहून मोकळी झाले असते.

ज्यांना ही सेवा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकण रेल्वेनं 1999 मध्ये कोलाड ते वेर्णा अशी 'रो-रो' सुरू केली. भरलेला ट्रक सपाट वॅगनवर चढवायचा, चाकांना अटकाव लावून बांधायचा आणि चारशेहून जास्त किलोमीटर तसाच न्यायचा. घाट टळतो, डिझेल वाचतं, टायर वाचतात. ड्रायव्हर आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. म्हणजे स्टीअरिंग समोर आहे, पण चालवायचं काही नाही.

मग झोप का लागत नाही? काकांचं म्हणणं असं: मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी थांबते. थांबताना आणि सुटताना धक्का बसतो आणि माणूस जागा होतो. बोगदे तर किती! त्यात आवाज दुप्पट. शिवाय माल आपला. ताडपत्री फडफडायला लागली की जीव तिकडेच. आणि ती दिसली तरी वर चढायचं नाही, कारण 2022 पासून पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालंय, डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार असते. बघत बसायचं.

हे ऐकल्यावर मी युरोपातल्या फेरीबोटींवरचं वाचायला घेतलं. तुमच्या विषयावर आपल्याकडचं लिखाण हाताला लागत नसेल तर तशीच परिस्थिती दुसरीकडे कुठं आहे ते शोधा, ही युक्ती मला उशिरा कळली. ब्रेक्झिटनंतर आयर्लंडचे बरेच ट्रक इंग्लंडमधून जायचं टाळून थेट फ्रान्सची बोट धरू लागले. रॉसलेअर ते डंकर्क हा मार्ग जानेवारी 2021 मध्ये सुरू झाला, प्रवास साधारण एक दिवसाचा. म्हणजे तिथंही तेच: ड्रायव्हर आहे, ट्रक आहे, चालवणं नाही.

तिथल्या कायद्यानं या वेळेचा बारकाईनं विचार केलाय. 2002 च्या युरोपीय निर्देशात 'उपलब्धतेचा काळ' असा एक वेगळा प्रकार आहे. त्यात फेरीवर किंवा रेल्वेवर ट्रकसोबत जाण्याचा वेळ नाव घेऊन घातलाय. हा वेळ काम म्हणून मोजत नाहीत, पण म्हणून तो आपोआप विश्रांतीही होत नाही. विश्रांतीची अट 2006 च्या नियमात आहे: ड्रायव्हरला झोपायला केबिन किंवा बर्थ मिळाली पाहिजे, आणि 11 तासांच्या रोजच्या विश्रांतीत जास्तीत जास्त दोनदा, मिळून एका तासापेक्षा जास्त नाही, एवढाच खंड चालतो. बोटीवर गाडी चढवणं-उतरवणं त्या एका तासात बसवायचं. ट्रकमधल्या टॅकोग्राफ यंत्रातही 'फेरी/रेल्वे' अशी वेगळी नोंद करता येते.

आपल्याकडे? 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं 'नुसती हजेरी' असा शब्द वापरला होता, म्हणजे माणूस जागेवर थांबलाय, बोलावणं येईल म्हणून. टर्मिनलवरची अशी हजेरी पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच ती कामाच्या तासांत धरायची. कल्पना होती म्हणजे! पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. काकांचा ट्रक स्वतःचा, कर्ज त्यांच्याच नावावर. त्यांचे तास कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत.

याचा शरीराशी संबंध सरळ आहे. पहाटे दोन ते पाचच्या सुमाराला सावधपणा तसाही सगळ्यात कमी असतो. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू पूर्ण जागा नसतो, याला निद्राजडत्व म्हणतात. समजा गाडी पहाटे चारला पोचली. तुटक डुलक्या काढलेला माणूस उठतो, वीसेक टनांचा ट्रक उतारावरून खाली घेतो आणि लगेच हायवेला लागतो. कागदावर मात्र तो बारा तास आराम करून आलेला. अपघाताचा अभ्यास करणारा कुणी 'चालवण्याचे तास' एवढंच मोजत असेल तर त्याला हा ड्रायव्हर ताजातवाना दिसेल.

आता प्रश्नावलीकडे येते. काकांशी झालेलं बोलणं माझ्या प्रबंधात 'डेटा' म्हणून जाणार नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी तेव्हा आली नव्हती, लेखी संमती नव्हती, आणि एका माणसावरून सरासरी निघत नाही. पण एका माणसावरून एवढं कळतं की आपले कप्पे चुकलेत. मी दोनच ठेवले होते, काम आणि विश्रांती. 'विश्रांती' हा शब्द मला झोपेसारखा वाटत होता, काकांना 'चाक फिरत नाही' असा. दोघंही खरं बोलत होतो.

म्हणून आकडा विचारणं सोडलं. आता अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन असलेलं एक पान देते, त्यात खूण करायची: चालवत होतो, दुसरं काम, झोप. आठवून सांगण्यापेक्षा त्याच वेळी खूण केलेली बरी, कारण खेप संपली की आठवतो तो फक्त उशीर. लिहायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी खुणा चित्रांच्या ठेवल्यात.

काकांना सरावासाठी एक पान दिलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. तीन प्रकारांच्या खाली पेनानं चौथा लिहिला होता, "पडून, पण जागा", आणि रात्री अकरा ते तीनचे बहुतेक चौकोन त्याच खुणेचे होते. तो कप्पा आता छापून घेतलाय, त्यांच्याच शब्दांत.